हजार पत्रं आली, डोरोथी आली नाही

१९०४ साली शिकागोत छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लेखक सांगतो, की एक छोटी मुलगी लांबचा प्रवास करून मला भेटायला आली आणि गोष्ट पुढे लिहा म्हणून मागे लागली. मी तिला म्हटलं, हजार मुलींनी मला हजार पत्रं पाठवली की लिहीन. मुलीचं नाव डोरोथी. पत्रं आली, हजारावर आली. म्हणून हे पुस्तक, थोडा उशीर झाला खरा.

लेखक एल. फ्रँक बॉम. त्याच्या १९०० सालच्या पहिल्या पुस्तकात कॅन्ससची डोरोथी वादळात घरासकट उडून ऑझच्या देशात जाऊन पडते. मग बुजगावणं, टिनचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह यांना बरोबर घेऊन जादूगाराला शोधत निघते, घरी परतायचं म्हणून. ते पुस्तक आपल्याकडेही पुष्कळांना माहीत असतं, निदान १९३९च्या सिनेमामुळे. पुढच्या भागाचं नाव 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ'. हा भाग कुणी वाचलेला फारसा भेटत नाही, आणि जे भेटतात त्यांची पहिली तक्रार ठरलेली असते. यात डोरोथी नाही. अख्ख्या पुस्तकात नाही. तिचं नाव निघतं, आठवण निघते, पण ती कॅन्ससहून हलत नाही.

हजार मुलींनी पत्रं लिहून जिला घरी सोडून आलो त्या मुलीबद्दल पुढे ऐकायला मागितलं असेल, असं आपण धरून चालतो. प्रस्तावना नीट वाचली तर तसं नाही. बॉमच्या म्हणण्याप्रमाणे मुलांना हवे होते बुजगावणं आणि लाकूडतोड्या. इथे मला त्याचा थोडा संशय येतो. पत्रं खरीच असणार, पण त्यातलं काय ऐकायचं हे त्यानं सोयीनं ठरवलं असावं. १९०२ साली पहिल्या पुस्तकावरचं संगीत नाटक शिकागोत आलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेलं आणि तुफान चाललं. ते चाललं दोन विनोदी नटांच्या जिवावर. लाकूडतोड्या झालेला डेव्हिड माँटगोमेरी आणि बुजगावणं झालेला फ्रेड स्टोन. (त्या नाटकात डोरोथीच्या टोटो कुत्र्याऐवजी एक गाय होती. कुत्र्यापेक्षा गाईच्या सोंगात माणूस बसवणं सोपं, एवढाच त्यातला विचार असावा.) दुसरं पुस्तक या दोन नटांनाच अर्पण केलेलं आहे. म्हणजे वाचकांचं मत, नाटकाचा गल्ला आणि लेखकाचा पुढचा बेत हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. योगायोग म्हणा हवं तर.

त्यात आणखी एक भानगड. पहिल्या पुस्तकाचा चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो आणि बॉम यांचं नाटकाच्या पैशावरून बिनसलं होतं. पात्रांवर दोघांचाही हक्क, त्यामुळे त्याच १९०४मध्ये डेन्स्लोनंही बुजगावणं आणि टिनचा माणूस घेऊन आपलं वेगळं पुस्तक काढलं. भावाभावांत शेत वाटलं जावं तशी पात्रं वाटली गेली. बॉमच्या पुस्तकाला मग जॉन नील हा नवा चित्रकार मिळाला. त्याची रेघ नाजूक आणि नखरेल. डेन्स्लोच्या ठसठशीत चित्रांवर वाढलेल्यांना ती आवडत नाही. मला आवडते.

हे पुस्तक मी माझ्या भाचीला वाचून दाखवलं. वाचून म्हणजे समोर इंग्रजी ठेवून तोंडानं मराठी सांगत. तिला पहिलं पाठ होतं, त्यामुळे पहिल्या प्रकरणापासून एकच धोशा, "मावशी, डोरोथी कधी येणार?" मी म्हटलं, पुढे बघू. मला माहीत होतं की येणार नाही. पण वाचनात माणूस एवढं खोटं बोलतो.

डोरोथीऐवजी येतो टिप नावाचा मुलगा. मॉम्बी नावाच्या जादूटोणा करणाऱ्या म्हातारीकडे राबणारा. तिला घाबरवायचं म्हणून तो लाकडाचा माणूस करतो, त्यावर भोपळ्याचं कोरलेलं डोकं बसवतो आणि रस्त्याच्या वळणावर उभा करतो. म्हातारी घाबरत नाही. उलट मिरपुडीच्या डबीत नुकतीच आणलेली संजीवनी पूड त्याच्यावर टाकून बघते. भोपळ्या जिवंत होतो आणि टिपला बाबा म्हणायला लागतो. मॉम्बी आपला संगमरवरी पुतळा करणार हे कळल्यावर टिप रात्री भोपळ्याला आणि ती डबी घेऊन पळतो. वाटेत ओंडका ठेवून कापायची लाकडी घोडी दिसते, तिच्यावरही पूड. घोडा उधळतो तो थांबेना. टिप ओरडून थकतो. मग लक्षात येतं, त्याला कानच नाहीत. कान करून बसवल्यावर घोडा ऐकायला लागतो. अशा जागी बॉमचा हात कुणी धरू शकत नाही. त्याची जादू भोकं पाडते, खिळे ठोकते, दोरीनं बांधते. पुढे तर दोन सोफे एकमेकांना कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधून, माडासारख्या झाडाची पानं पंख म्हणून लावून आणि भिंतीवरचं शिंगांचं डोकं पुढे अडकवून उडणारं जनावर तयार होतं. जिवंत झाल्यावर ते डोकं शांतपणे सांगतं, की मी जंगलात चाललो होतो, मोठा आवाज झाला, त्यापुढचं आठवत नाही.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र बुजगावण्याच्या दरबारातली. बुजगावणं आता पाचूच्या नगरीचा राजा आहे. भोपळ्या त्याच्यासमोर येतो आणि म्हणतो, मी दुसऱ्या प्रांतातला, मला तुमची भाषा समजत नाही. राजाही म्हणतो, खरंच, मग दुभाषा बोलवायला हवा. हे सगळं बोलणं दोघांत एकाच भाषेत चाललेलं. जेलिया नावाची मुलगी दुभाषी म्हणून येते. तिला मामला लगेच कळतो आणि ती मुद्दाम भलतंच सांगायला लागते. राजानं काही चांगलं म्हटलं की ती भोपळ्याला त्याचा अपमान ऐकवते. भोपळ्याला शब्द कळलेले असतातच, पण दुभाष्यावर विश्वास ठेवायचा की आपल्या कानांवर, हे दोघांनाही ठरवता येत नाही. भाची इथे इतकी हसली की पाणी आणावं लागलं. डोरोथी त्या दिवशी तरी कुणाला आठवली नाही.

आता मोठ्या वाचकांची मोठी तक्रार. पुस्तकात जिंजर नावाची मुलगी मुलींचं सैन्य उभारते. शस्त्रं म्हणजे विणकामाच्या सुया. पुरुषांनी फार दिवस राज्य केलं, शिवाय नगरी रत्नांनी भरली आहे, त्यांच्या बांगड्या आणि अंगठ्या होतील, एवढी तिची कारणं. नगरी पडते. आणि पुढे बुजगावणं आपल्या पेंढ्यात लपवून आणलेले उंदीर सोडतं तेव्हा महालातल्या मुली किंचाळत पळतात. हे वाचून आजच्या वाचकाच्या कपाळाला आठी पडते, ती पडावीच. स्त्रियांच्या मताधिकाराची ही उघड टिंगल आहे असं बरेच जण म्हणतात.

गंमत अशी, की बॉमची सासू मॅटिल्डा जोस्लिन गेज ही अमेरिकेतल्या मताधिकाराच्या चळवळीतली पहिल्या फळीतली बाई. एलिझाबेथ स्टँटन आणि सुझन अँथनी यांच्याबरोबर तिनं त्या चळवळीचा इतिहास लिहिला. जावईही त्या बाजूचाच. डकोटातल्या अबर्डीन गावात वर्तमानपत्र चालवत होता तेव्हा त्यानं स्त्रियांना मत मिळावं म्हणून लिहिलं होतं. मग हे सैन्य कशाला? माझं उत्तर पुन्हा नाटकाकडे जातं. पुस्तक लिहितानाच पुढच्या नाटकाचा बेत डोक्यात होता, आणि त्या काळच्या संगीत नाटकाला रंगीत गणवेशातल्या नाचणाऱ्या मुलींची फौज लागायची. टिंगल आधी नसावी, आधी गणवेश असावा.

पण एवढ्यावर सोडून देणंही बरोबर नाही, कारण त्याच भागात एक छोटा प्रसंग आहे. क्रांतीनंतर बुजगावणं नगरीत परत येतं तर पुरुष झाडू मारताहेत, भांडी घासताहेत, पोरं सांभाळताहेत, आणि बायका बाकांवर बसून गप्पा मारताहेत. एका थकलेल्या माणसाला बुजगावणं विचारतं, हे काम एवढं अवघड असेल तर बायका इतके दिवस सहज कसं करत होत्या? तो उसासा टाकून म्हणतो, कोण जाणे, बहुतेक त्या बिडाच्या असतील. हे मी वाचत होते तेव्हा आमची आई आत गवार मोडत बसली होती. तिला ऑझशी काही देणंघेणं नाही. पण ती आतून म्हणाली, "हा माणूस घरात राहिलेला दिसतोय." माझ्या मते या पुस्तकावरचं हे सगळ्यात नेमकं मत. शेवटी जिंजरचा पाडाव होतो तेव्हा बायकांना आनंद होतो, कारण नवऱ्यांच्या हातचं खाऊन त्या कंटाळलेल्या असतात. टिंगल दोन्हीकडून आहे. आणि जिंजरचं सैन्य हरतं ते ग्लिंडा या भल्या जादूगारणीच्या सैन्यापुढे, तेही मुलींचंच, फक्त त्यांच्या हातात सुयांऐवजी तलवारी आणि भाले आहेत. सिंहासन मिळतं तेही एका मुलीला.

या मुलीपाशी खरा पेच आहे. पुस्तकाला सव्वाशेच्या आसपास वर्षं होत आली, तेव्हा रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये. ऑझच्या राजाची हरवलेली मुलगी ओझ्मा सगळे शोधत असतात. मॉम्बीनं तिला लहानपणीच जादूनं मुलगा करून ठेवलेलं. तो मुलगा म्हणजे टिप. हे कळल्यावर टिप हरखून जात नाही. तो म्हणतो, मला मुलगाच राहायचंय, बुजगावण्याबरोबर आणि लाकूडतोड्याबरोबर फिरायचंय. सगळे त्याची समजूत घालतात. तोही म्हणतो, बरं, बघतो करून, पण नाही आवडलं तर मला परत टिप करा. ग्लिंडा म्हणते, ते माझ्या हातचं नाही, रूप बदलण्याची जादू प्रामाणिक नसते.

रंगभूमीच्या हिशोबानं यात अवघड काही नव्हतं. इंग्लंडच्या नाताळी नाटकांत मुलाचं काम नटीनं करायची जुनी रीत. (आपल्याकडे नेमका त्याच सुमाराला उलटा प्रकार. १९०५मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले.) पण पुस्तकात ही जागा नाटकाच्या सोयीपेक्षा खूप पुढे जाते. आज कित्येक वाचक, विशेषतः आपण मुलगा की मुलगी हा प्रश्न स्वतः जगलेले, या पानांवर येऊन थांबतात. कुणाला ती सुटका वाटते, कुणाला सक्ती. दोन्ही मतांना मजकुरात आधार आहे. ओझ्मा पडद्यातून बाहेर येते आणि मित्रांना म्हणते, मी तोच टिप आहे, फक्त... तिला पुढे सुचत नाही. भोपळ्या म्हणतो, फक्त तुम्ही वेगळे आहात. आणि लेखक लिहितो, की भोपळ्या आजवर इतकं शहाणं बोलला नव्हता, असं सगळ्यांना वाटलं.

भाची म्हणाली, "पण टिप कुठे गेला?" मी म्हटलं, तो आहेच ना, ओझ्मा म्हणजेच टिप. "मग तो पुढच्या पुस्तकात झाडावर चढतो का?" चढत नाही. पुढच्या पुस्तकांतली ओझ्मा शांत, सुंदर, न्यायी आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी आहे. भोपळा कोरणारा, म्हातारीला भ्यायला लावू बघणारा मुलगा तिच्यात शोधून सापडत नाही. बॉमनं इतकी भारी गाठ मारली आणि ती सोडवायला पुन्हा फिरकला नाही. ही माझी त्याच्याविरुद्धची एकमेव गंभीर तक्रार.

तो फिरकला नाही याला कारण वाचक. नाटकाचा बेत फसला होता. माँटगोमेरी आणि स्टोन यांनी नव्या नाटकात काम केलं नाही, आणि १९०५ साली शिकागोत आलेलं ते नाटक लगेच बंद पडलं. नट गेले, पत्रं मात्र राहिली, आणि आता त्यांत डोरोथी होती, सिंह होता, टोटो होता. १९०७मध्ये तिसरं पुस्तक आलं, त्यात डोरोथी परत. १९०८च्या प्रस्तावनेत तो थेट हात टेकतो, काही उपयोग नाही, मुलं मला ऑझच्या गोष्टी थांबवू देत नाहीत. १९०९मध्ये टोटो परत, तुम्ही मागितलात म्हणून घातला असं स्वच्छ सांगून. १९१०च्या पुस्तकात तर तो म्हणतो, की लेखक म्हणून माझ्याबरोबर माझ्या पत्रलेखकांचंही नाव शीर्षकपानावर टाकायला हवं. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी ग्लिंडा सगळा ऑझ देश जादूनं अदृश्य करते. डोरोथीची चिठ्ठी येते, आता आमच्याबद्दल तुम्हाला काही कळणार नाही. वाचकांना इतकं प्रेमानं आणि इतकं ठणकावून दुसऱ्या कुणी दार लावून घेतलेलं मला माहीत नाही.

दार तीन वर्षं टिकलं. मधल्या काळात त्यानं ट्रॉट नावाच्या मुलीच्या दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या, समुद्राखालची एक आणि आकाशातल्या बेटाची एक. चांगल्या आहेत, पण ऑझइतक्या खपल्या नाहीत. १९११मध्ये तर त्याचं दिवाळं निघालं, ऑझवरच्या चित्रफिती आणि व्याख्यानांच्या एका खर्चीक खेळाच्या कर्जापायी. १९१३मध्ये ऑझ पुन्हा उघडला. देश अदृश्य झाला तर बातम्या कशा आल्या? एका मुलानं सुचवलं होतं म्हणे, बिनतारी संदेश घ्या. म्हणून लेखकानं परसात उंच मनोरा उभारला आणि डोरोथीशी संपर्क साधला. लबाडी आहे, पण गोड लबाडी. पुढे १९१७मध्ये एका मुलीच्या, ओझ्मा हरवली तर सगळ्यांना किती वाईट वाटेल, अशा एका वाक्यावर त्यानं अख्खं पुस्तक रचलं आणि ते चांगलंही झालं. ऑझमधले सगळे प्राणी बोलतात, मग टोटो का बोलत नाही, ही मुलांची शंकाही १९१४मध्ये मिटली. टोटोला बोलता येत होतं, तो बोलत नव्हता इतकंच. वाचकांचं ऐकून नुकसानच होतं असं म्हणायला मी तयार नाही, ते एवढ्यासाठी.

आणि त्याचा पत्रांशी असलेला व्यवहार एकतर्फी नव्हता. १९१९च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो लिहितो, दीर्घ आजारामुळे सगळ्या पत्रांना उत्तरं देता आली नाहीत, ज्यांनी तिकिटं जोडली होती तेवढी सोडून. यापुढे प्रत्येक पत्राला तत्परतेनं उत्तर देईन. ही तिकिटं मला फार आवडतात. वीस वर्षं पत्रांच्या ढिगात बसलेल्या माणसाचाच हा हिशोब. त्याच वर्षी ६ मे रोजी तो गेला.

मोठ्यांची मतं वेगळीच होती. १९५७ साली डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखानं या पुस्तकांत मुलांच्या वाढीला पोषक असं काही नाही, असं मत दिलं आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी जस्टिन शिलर नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं ऑझच्या वाचकांचा क्लब काढला, तो अजून चालू आहे. ग्रंथपाल लोकांवर माझा राग नाही, पण पैज लावायची तर तेरा वर्षांच्यावर लावावी.

वाचकाच्या आज्ञेत राहण्याचा सगळ्यात वाईट नमुना बघायचा असेल तर १९१६चं 'रिंकिटिंक इन ऑझ' वाचा. गोष्ट मुळात १९०५च्या सुमाराची, ऑझशी संबंध नसलेली. लठ्ठ, हसरा राजा रिंकिटिंक, त्याचा तुसडा बोकड, आणि आईवडिलांना सोडवायला निघालेला राजपुत्र इंगा. इंगाकडे तीन मोती, एक बळाचा, एक रक्षणाचा, एक सल्ल्याचा. मुलगा समुद्र ओलांडतो, राज्यं जिंकतो, जमिनीखाली नोम नावाच्या बुटक्यांच्या राजाच्या गुहांत उतरतो, एकेका सापळ्यातून सुटतो. आता आईवडील हाताच्या अंतरावर आहेत. आणि इथे, पुस्तक ऑझचं म्हणून खपवायचंय म्हणून, डोरोथी जादूगाराला घेऊन अंड्यांची टोपली हातात धरून हजर होते. नोम लोकांना अंड्यांची भीती, त्यामुळे प्रश्न मिटला. इंगानं इतकी प्रकरणं जे कमावलं ते दोन पानांत टोपलीत गेलं. शिवण इतकी स्पष्ट दिसते, की दोरा ओढला तर ऑझचा तुकडा अलगद निघून येईल आणि खाली चांगलं कापड शिल्लक राहील.

हे मी भाचीला आवेशानं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. डोरोथी टोपली घेऊन आली तेव्हा ती टुणकन उठून बसली होती, हे मी पाहिलं होतं, आणि तिला ते माहीत होतं. "पण मला आवडलं," ती म्हणाली. इंगाचं काय? "इंगाला पण आवडलं असेल. तो दमला होता."

मी अजूनही म्हणते, की दुसरं पुस्तकच खरं. ती म्हणते, रिंकिटिंक पहिला, मग ओझ्मा हरवते तो, आणि भोपळ्याचं चौथं. तिसऱ्या क्रमांकावर कोण, ते ती सध्या सांगत नाही.